एकाच लुथरन पंथाची रांचीत दोन चर्च का? आणि लग्न कुठे लावावं?

तुम्ही विचारलंय की होणारी बायको रांचीची लुथरन आहे, तिथे दोन लुथरन चर्च आहेत, मग पंथ एक असून ती वेगळी का झाली आणि लग्न कुठल्या चर्चमध्ये लावावं. मी नगरचा. नोकरीनिमित्त रांचीत एकवीस वर्षं काढली आणि लग्नही तिथल्याच उरांव या आदिवासी जमातीतल्या लुथरन घरात केलं, म्हणून राहवत नाही.

पहिली गोष्ट, भांडण शिकवणुकीचं नव्हतंच. दोन्हीकडे लुथरची तीच प्रश्नोत्तरी, तीच हिंदी गीतं, भेटल्यावर तेच ‘यीशु सहाय’. १९७७ मध्ये रांचीचं मूळ लुथरन चर्च, म्हणजे गोस्सनर किंवा जीईएल (गोस्सनर एव्हँजेलिकल लुथरन) चर्च फुटलं ते भाषा, पदं, पैसा आणि जमिनी यांवरून. उत्तर-पश्चिमेकडच्या मंडळ्या, बहुतेक उरांवांच्या, बाहेर पडल्या आणि त्यांचं नवं चर्च झालं. मूळ जीईएल चर्चमध्ये मुंडा आदिवासी जास्त उरले, पण सगळे उरांव काही गेले नाहीत. माझे सासरे राहिले. ते रांचीतच असत, मेन रोडच्या ख्राइस्ट चर्चमध्ये उपासनेला जात. त्यांचे धाकटे भाऊ गावी शेती बघत, ते नव्या चर्चमध्ये गेले. गावाचं नाव लिहीत नाही, तिथे आमची माणसं अजून आहेत.

सासरे मे महिन्यात गेले. आपल्या आईशेजारी, गावच्या कबरस्तानात जागा मिळावी एवढंच त्यांनी सांगून ठेवलं होतं. पहाटे निघून आम्ही त्यांना गावी नेलं. अंगणात खाट, खाली भुशात बर्फाच्या लाद्या. आणि काकांनी, तेव्हा ते मंडळीच्या कमिटीवर होते, पत्र मागितलं. हे आमचे सभासद नाहीत, तुमच्या पाद्रीसाहेबांची हरकत नाही असं लेखी आणा, मग बघू. फोन नव्हते. मेहुणा मोटरसायकलवर रांचीला गेला. दुपारपर्यंत बर्फाचं पाणी अंगणभर झालं, कोंबड्या त्यात चोची मारायला लागल्या. माझी बायको बापाच्या पायांवरच्या माशा वारत बसली होती, सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती.

मला ते सहन झालं नाही. मी काकांना म्हटलं, सख्ख्या भावाला पुरायला कागद कशाला लागतो? ते म्हणाले, “दामाद बाबू, तुम्ही सीएनआयवाले. १८६९ साली आमची माणसं घेऊन कोण गेलं?”

हे तुम्हाला माहीत हवं, कारण सीएनआयचे, म्हणजे अनेक चर्च मिळून झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, असाल तर तुम्हालाही ऐकवतील. बर्लिनहून पाद्री गोस्सनर यांनी पाठवलेले चार मिशनरी १८४५ मध्ये रांचीत आले. पहिल्या चार उरांवांचा बाप्तिस्मा १८५० चा. पुढे जुने मिशनरी आणि मागून आलेले तरुण मिशनरी यांचं बिनसलं, आणि १८६९ मध्ये जुने आपल्या हजारो माणसांसह अँग्लिकन, म्हणजे इंग्रजांच्या चर्चमध्ये गेले. ते अँग्लिकन २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सीएनआयमध्ये आले, आमची नगरची मंडळीही त्याच दिवशी आली. नगरचं मिशन अमेरिकन. रांचीच्या त्या भांडणाशी आमचा काडीचा संबंध नाही. पण बाप अंगणात असताना हे कोण सांगत बसणार?

नंतर मात्र मी काकांना सोडलं नाही. दर नाताळाला विषय निघायचा. मी म्हणायचो, पहिल्या महायुद्धात जर्मन मिशनरी सरकारने घालवले, अँग्लिकनांनी तुमच्या शाळा सांभाळल्या, आमच्यात या असंही सुचवलं. तेव्हा तुमच्याच आजोबा-पणजोबांनी, मुंडा, उरांव, खडिया सगळ्यांनी एकत्र बसून नाही म्हटलं आणि १० जुलै १९१९ ला आपलं चर्च स्वतः चालवायचं जाहीर केलं. परदेशी पैसा नाही, साहेब नाही, तरी चालवलं. ती एकी तुम्ही मोडलीत. याला काकांकडे उत्तर नव्हतं आणि माझ्या मते आजही कुणाकडे नाही.

संध्याकाळचं सांगायचं राहिलं. पत्र यायच्या आधीच गावातल्या पोरांनी कबर खणायला घेतली होती, दोन्ही चर्चांची पोरं, कुणालाही न विचारता. मुरूम इतका कडक की पहार आपटली की ठिणगी उडे. पेट्रोमॅक्स मी धरला होता. त्यांच्या पाळकांनी वचन वाचलं, रांचीहून आलेल्या आमच्या पाळकांनी प्रार्थना केली. मेहुणा पत्र घेऊन पोचला तेव्हा माती लोटून झाली होती.

काकांची एक बाजू मात्र खरी होती. आपल्या कुडुख भाषेला मान नाही, ही उरांवांची तक्रार पोकळ नव्हती. निर्मल मिंज यांच्यासारखा माणूस, ज्यांनी १९७१ मध्ये गोस्सनर कॉलेज उभं केलं, तेच पुढे नव्या चर्चचे बिशप झाले आणि कुडुखसाठी जन्मभर झटले. साहित्य अकादमीने त्यांना भाषा सन्मान दिला. अशी माणसं खुर्चीसाठी बाहेर पडत नाहीत. दोन्ही चर्च आज देशभरच्या लुथरन चर्चांच्या एकाच संघात आहेत, आणि आता सगळ्याच गावांत आमच्यासारखं होत असेल असं मी म्हणत नाही. पण वेगळं चर्च मागणं निराळं आणि मेलेल्याला अडवणं निराळं.

लग्न मुलीच्या मंडळीत लावा, त्यात वाद घालू नका. तुमच्या पाळकांचं पत्र दोन-तीन महिने आधी पाठवा, कारण रविवारच्या उपासनेत लग्नाची घोषणा करावी लागते. तिचे कोण नातेवाईक कुठल्या चर्चचे, ते तिलाच विचारून घ्या आणि दोन्हीकडच्या पाळकांना स्वतः जाऊन निमंत्रण द्या. आणि सासरे धडधाकट असतील तेव्हाच त्यांच्याशेजारी बसून विचारा, कुठल्या गावच्या मातीत जायचंय. त्याचं पत्र ते हयात असतानाच घेऊन ठेवा.