‘मी मागे राहिले तर?’

‘शेवटच्या काळाबद्दल, जगाच्या अंताबद्दल, ऐकलं की झोप उडते. माझा विश्वास कच्चा आहे का?’ ख्रिस्ती घरांतली तरुण मुलं हे मला समुपदेशनात बरेचदा विचारतात. प्रभू येशू पुन्हा येईल आणि विश्वासणाऱ्यांना वर स्वर्गात घेऊन जाईल, असं त्यांच्यातले बरेच जण मानतात. त्यांतल्या एकीबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

मुलगी नर्सिंगला होती. हॉस्टेलवरून घरी आली तर दार उघडं, गॅसवर कुकर, घरात कोणीच नाही. आई शेजारी कढीपत्ता आणायला गेली होती. हिला वाटलं, प्रभू येऊन सगळ्यांना वर घेऊन गेला, आपण तेवढ्या राहिलो. ‘मॅडम, ओट्याला धरून खालीच बसले,’ ती म्हणाली. तेव्हापासून हॉस्टेलवरून रात्री-अपरात्री आईला फोन. आईने उचलला नाही तर चर्चच्या पाळकांना (धर्मगुरूंना), कारण ते तर नक्कीच गेले असणार. झोपण्याआधी पश्चात्तापाची प्रार्थना; एक शब्द अडखळला की पुन्हा पहिल्यापासून. त्यात यूट्यूब. कुठे युद्ध पेटलं की ‘सात वर्षांचं महासंकट सुरू’ म्हणणारा नवा व्हिडिओ हजर. महासंकट म्हणजे जगाच्या शेवटाआधी येणार असं मानलेला भीषण काळ.

मी तिच्या श्रद्धेला हात लावला नाही. प्रभूचं दुसरं येणं ही तिची आशा आहे, ती काढून घेणारी मी कोण? तिच्या संमतीने पाळकांनाच बोलावलं. त्यांनी बायबलमधला मत्तय २४ हा अध्याय उघडला, ज्यात येशू शेवटच्या काळाबद्दल बोलतो, आणि शांतपणे सांगितलं, की या ‘मोठ्या संकटा’बद्दल भाविकांमध्ये एकमत नाही. मंडळी, म्हणजे ख्रिस्ती भाविकांचा समुदाय, संकटाआधीच वर घेतली जाईल ही शिकवण जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने १८३०च्या दशकात मांडली आणि १९०९च्या स्कोफील्ड बायबलमधल्या टिपांमुळे ती दूरवर पोचली. मंडळी संकटातूनच पार होईल, असं मानणारेही पुष्कळ. काहींच्या मते येशूचे ते शब्द मुख्यतः इ.स. ७०मध्ये रोमी सैन्याने यरुशलेमचं मंदिर पाडलं त्याविषयी आहेत. याच बोलण्याच्या लूक २१मधल्या नोंदीत शहराला सैन्याचा वेढा पडल्याचा उल्लेख आहेच. आणि प्रभूच्या येण्याच्या तारखा? अमेरिकन उपदेशक विल्यम मिलरच्या अनुयायांनी सांगितलेली १८४४ची गेली, तिथल्याच हॅरल्ड कॅम्पिंगची २०११ची गेली. तो दिवस पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, हे मत्तय २४मध्येच लिहिलंय.

पाळक स्वतः पहिल्या मताचे. तरी म्हणाले, ‘बाळा, वर घेतलं जाण्याविषयी प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला पत्रात लिहिलं, ते या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा म्हणून.’ ही ओळ तिच्या कुठल्याच व्हिडिओत नव्हती. ती खूप रडली.

पण एवढ्याने फोन थांबले नाहीत. उलट ‘यातलं खरं मत कुठलं?’ म्हणून ती पाळकांना रोज विचारू लागली. इथे मला खात्री पटली, की हा विश्वासाचा नव्हे, मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा प्रश्न आहे. धीर दिला की घटकाभर बरं वाटतं आणि शंका दुप्पट होऊन परतते. मानसोपचारतज्ज्ञांनी निदान पक्कं करून औषध सुरू केलं. आमचं ठरलं: प्रार्थना एकदाच, शब्द चुकला तरी. फोन करावासा वाटला तर आधी दहा मिनिटं थांबायचं, मग वीस. ‘आम्ही इथेच आहोत गं,’ हे आईने दर वेळी म्हणायचं नाही. आईला हे फार जड गेलं. लेक घाबरलेली असताना गप्प राहणं सोपं नसतं.

आज ती रविवारी उपासनेत गाते, प्रभू येणार असं मनापासून मानते आणि रात्री झोपते. भीती अधूनमधून येते, पण ती लगेच फोन हातात घेत नाही.

तुमच्या घरी असं कोणी असेल तर ‘विश्वास ठेव, भिऊ नकोस’ एवढ्यावर सोडू नका. भित्रं मन म्हणजे कच्चा विश्वास नव्हे. झोप, जेवण, अभ्यास बिघडत असेल तर डॉक्टरांना दाखवा, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.