कोर्टानं सोडलं, मन सोडत नाही

वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं

या महिन्याच्या पत्रांत तीन पत्रं अशी निघाली की तिघांनी वेगवेगळं विचारलंय पण खोलात गोष्ट एकच आहे. म्हणून सातबारा, भाडेकरार, सोसायटीचं पार्किंग सगळं पुढच्या अंकात, रागावू नका.

प्रश्न: ताई, मी टेम्पो चालवतो, भाजीपाला मार्केटला पोचवतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये पहाटे अंधारात उसाच्या ट्रॉलीमागून एक आजोबा सायकल घेऊन एकदम आडवे आले. माझा स्पीड तीस-पस्तीसच्या वर नव्हता. ब्रेक मारला तरी धडक बसली. मीच त्यांना टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं, पोलिसांना फोन पण मीच केला, पण ते गेले. केस झाली, अडीच वर्षं तारखा झाल्या, शेवटी कोर्टानं निर्दोष सोडलं. घरच्यांनी पेढे वाटले. मला मात्र अजून झोप लागत नाही. त्यांचा डबा रस्त्यावर उघडा पडला होता, त्यातली भाकरी डोळ्यासमोर येते. तो रस्ता मी सोडलाय, बारा किलोमीटरचा वळसा घालतो. बायको म्हणते, जज्जनं सांगितलं ना निर्दोष, मग कसला विचार करताय. मला एवढंच सांगा, मी गुन्हेगार आहे का नाही?

उत्तर: दादा, कायद्यानं नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

तुमची एफआयआर मी पाहिलेली नाही पण त्यातलं एक वाक्य मी न बघता सांगू शकते, कारण महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक अपघाताच्या एफआयआरमध्ये ते असतंच: आरोपीने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात चालवून... वगैरे. सगळी केस त्या 'हयगयीने' वर उभी असते. तुमच्या वेळी भारतीय दंड संहितेचं कलम ३०४-अ होतं, जास्तीत जास्त २ वर्षं. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या गोष्टींना भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, त्यात ५ वर्षांपर्यंत आहे. पण कलम जुनं असो की नवं, तुमच्या गाडीखाली माणूस गेला एवढ्यावर कुणी दोषी ठरत नाही. हयगय झाली आणि त्या हयगयीमुळेच मरण आलं हे सरकारी पक्षाला सिद्ध करावं लागतं, आणि तेही वाजवी शंकेला जागा न ठेवता. जज्जसमोर प्रश्न एवढाच होता. तुम्हाला झोप लागते का, तुम्ही रडलात का, हा प्रश्न त्या फायलीत कुठेच नव्हता. तुम्ही पिंजऱ्यात हसत उभे असता तरी निकाल हाच लागला असता, आणि ढसाढसा रडला असता तरी हाच.

म्हणजे तुम्ही कोर्टाकडे जे मागताय ते कोर्टाकडे नाहीच. आणि यात नवीन काही नाही हो. याज्ञवल्क्य स्मृतीचे तीन भाग आहेत: आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. व्यवहार म्हणजे खटले, साक्षी, पुरावे, दंड. आणि मनाला लागलेलं कसं धुवायचं ते प्रायश्चित्तात. दोन वेगळी प्रकरणं. आपण वकील हिंदू वारसाहक्कासाठी ज्या मिताक्षरेचं नाव घेतो ती याच स्मृतीवरची टीका, पण आम्ही व्यवहारापाशी पुस्तक मिटतो, पुढचं प्रकरण आमच्या फीमध्ये नाही!

आपल्याकडे हे दोन्ही एकत्र आल्याची एक गोष्ट मात्र शाळेतल्या पोरांनाही माहितीये. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि राघोबादादांनी याला प्रायश्चित्त काय असं विचारल्यावर रामशास्त्री प्रभुण्यांनी सांगितलं, देहांत प्रायश्चित्त. गोष्ट सांगताना आपला सगळा भर शास्त्रीबुवांच्या हिमतीवर असतो, तो असावाच, पण मला त्यातला प्रश्न जास्त इंटरेस्टिंग वाटतो. राघोबांनी शिक्षा काय असं विचारलेलं नाही, प्रायश्चित्त विचारलंय, म्हणजे दानधर्म, होमहवन, काहीतरी करून मोकळं होता येईल अशी वाट. रामशास्त्र्यांनी शब्द तोच ठेवला आणि आत शिक्षा घातली. तुमचं नेमकं उलटं चाललंय. तुम्हाला शिक्षा झाली नाही म्हणून तुम्ही स्वतःच ती रोज थोडी थोडी भोगताय, बारा किलोमीटरची.

आता बायकोला काय सांगायचं. बर्नार्ड विल्यम्स नावाचे ब्रिटिश तत्त्वज्ञ होते, त्यांनी १९७६ मध्ये बरोबर तुमचंच उदाहरण घेतलंय: एक लॉरी ड्रायव्हर, त्याची काही चूक नाही, आणि गाडीखाली लहान मूल येतं. ते म्हणतात की बघणाऱ्यालाही वाईट वाटतं पण ड्रायव्हरला वाटतं ते वेगळं असतं, कारण ते त्याच्या हातून झालेलं असतं. लोकांनी त्याची समजूत काढावी हे योग्यच. पण पहिल्याच समजुतीला 'हो खरंय, माझी काय चूक' म्हणून तो हात झटकून उठला, तर आपल्यालाच त्याच्याबद्दल शंका येईल. म्हणजे वहिनींनी म्हणायचं ते बरोबर आणि तुम्हाला पटत नाही तेही बरोबर. पेढ्यांचं म्हणाल तर घरच्यांनी ते तुमच्या जेलच्या भीतीपायी अडीच वर्षं अडकलेला श्वास सोडला म्हणून वाटले असतील, आजोबा गेले म्हणून नाही. त्यावरून घरात अबोला धरू नका.

पण तीन वर्षं झोप नाही हे तत्त्वज्ञानाचं काम नाही. अवाजवी अपराधी वाटत राहणं हे डिप्रेशनच्या लक्षणांच्या यादीत लिहिलेलं असतं, ताप-खोकल्यासारखं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीत दाखवा, नाहीतर १४४१६ ला फोन लावा, सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे. तुमचा धंदा गाडी चालवायचा आहे. झोप न झालेला ड्रायव्हर आणि पहाटेचा अंधार, याचं पुढे मी काय लिहू.

दोन कामं अजून. एक, निकालाची सहीशिक्क्याची नक्कल काढा आणि स्वतः वाचा, इंग्रजीत असेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या. पंचनाम्यातल्या ब्रेकच्या खुणा, साक्षीदारानं ट्रॉलीबद्दल काय सांगितलं, सगळं. माझ्या बघण्यात एक पक्षकार होता, त्याला निकाल वाचल्यावर पहिल्यांदा कळलं की मयताच्या मुलानंच साक्षीत 'गाडी हळू होती' असं सांगितलं होतं. सुनावणीला हा हजर होता, पण घाबरलेल्या माणसाला कोर्टात काही ऐकू येत नाही. दोन, आजोबांच्या घरच्यांना भरपाई मिळाली का ते तुमच्या विमा कंपनीकडे विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली अपघाती मृत्यूला ५ लाख रुपये आहेत आणि ते मागताना चूक कुणाची हे सिद्ध करावंच लागत नाही. बघा, कायद्यात पण एक कोपरा असा आहे जिथे दोष न विचारता देणं आहे. त्या घरी जायचं का, ते तुमच्या वकिलाशी बोलून आणि गावातल्या कुणा वडीलधाऱ्यामार्फत आधी विचारून ठरवा. ते नको म्हणाले तर नको. माफी मिळवायला जाऊ नका, ती द्यायची का नाही हे त्यांचं.

प्रश्न: मॅडम, मी लॉच्या पहिल्या वर्षाला आहे. 'गिल्ट' ला मराठीत नक्की कुठला शब्द? डिक्शनरीत दोष, अपराध, गुन्हा, अपराधीपणा सगळंच दिलंय, ट्रान्सलेशन करताना गोंधळ होतो.

उत्तर: गोंधळ इंग्रजीचा आहे, आपला नाही. जुन्या इंग्रजीत तो शब्द नुसता गुन्हा याच अर्थाचा होता, वाटण्याचा अर्थ नंतर चिकटला. जर्मनमध्ये तर दोष आणि कर्ज दोन्हीला 'शुल्ड' एकच. आपण कोर्टासाठी फारसीतून गुन्हा घेतला, जिथे गुनाह म्हणजे पाप सुद्धा, पण मराठी कानाला गुन्हा म्हटलं की पोलीसच दिसतात, देव नाही.

कोर्टाचं भाषांतर करताना 'दोषी' लिही, आणि निकाल लागेपर्यंत 'आरोपी', 'गुन्हेगार' चुकूनही नको, टीव्हीवाले लिहितात म्हणून आपण लिहायचं नाही. 'नॉट गिल्टी' ला 'निर्दोष' म्हणतात तिथे मात्र सांभाळ, कारण तो शब्द आहे त्यापेक्षा मोठं बोलतो. त्याचा अर्थ दोष सिद्ध झाला नाही इतकाच. १९५९ ची नानावटी केस वाच. नौदलातला अधिकारी, बायकोच्या मित्राला मुंबईत गोळ्या घातल्या, स्वतः पोलिसांकडे हजर झाला, आणि कोर्टात म्हणाला की झटापटीत गोळी सुटली. ज्युरीनं ८ विरुद्ध १ नं नॉट गिल्टी म्हटलं. हायकोर्टानं ते फिरवून जन्मठेप दिली आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. माणूस तोच, पिस्तूल तेच.

आणि वाटण्याचं म्हणशील तर मराठीत एक नाही, ढीगभर आहेत. चुकीच्या वेळी चुकीचं बोललो, ती बोचणी. माझे वडील गेले त्या दुपारी त्यांचा फोन आला होता, मी उलटतपासणीत होते, कट केला. यात माझा दोष काडीचा नाही, पण रुखरुख आहे, ती जात नाही, मी तिला जा म्हणतही नाही. खंत अजून मोठी आणि संथ. हळहळ दुसऱ्याच्या वाट्याचं बघून. ओशाळणं हे चारचौघांच्या नजरेतलं, त्यात 'मी वाईट केलं' यापेक्षा 'मी वाईट दिसलो' जास्त असतं. मानसशास्त्रवाले शरम आणि गिल्ट असा फरक करतात तो मात्र असा: गिल्ट कृत्यावर बोट ठेवते, शरम अख्ख्या माणसावर.

बाकी 'खाई त्याला खवखवे' आणि 'चोराच्या मनात चांदणं' या म्हणींवर वकिली करू नकोस. ज्यानं खाल्लं तो माझ्या ऑफिसात बसून निवांत चहा पितो आणि जामीनदार म्हणून सही केलेल्या भावाला खवखवतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय.

प्रश्न: माझ्या मुलावर (वय २०) कॉलेजच्या ग्राउंडवर झालेल्या मारामारीची केस आहे. समोरच्या मुलाच्या नाकाला लागलं, टाके पडले. कोर्टाबाहेर एकजण म्हणाला, कबूल करा, दंड भरा, आजच्या आज मोकळे. मुलगा पण म्हणतो, मी मारलं ना, मग नाही कसं म्हणू, मी खोटं बोलणार नाही. अभिमान पण वाटतो आणि भीती पण वाटते.

उत्तर: अभिमान ठेवा, आणि त्याला त्या माणसापासून लांब ठेवा.

मुलाला सांगा, कोर्टात 'गुन्हा कबूल नाही' म्हणणं म्हणजे 'मी हात लावला नाही' असं सांगणं नाही. त्याचा अर्थ, तुम्ही सिद्ध करा. हा त्याचा हक्क आहे, घटनेच्या कलम २० मध्येच लिहिलंय की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही. पोलिसांपुढची कबुली तर पुरावा म्हणून चालतच नाही, आणि मॅजिस्ट्रेटनं कबुलीजबाब नोंदवायचा झाला तर त्यांना आधी बजावावं लागतं की बाबा, तू बोलायला बांधील नाहीस. मोठ्या केसमध्ये तर आरोपी कबूल म्हणाला तरी जज्ज घाई करत नाहीत. कसाबनं जुलै २००९ मध्ये भर कोर्टात कबुली दिली होती, तरी खटला पुढे चालला, डिसेंबरात तो फिरला, आणि मे २०१० मध्ये पुराव्यांवर दोषी ठरला. छोट्या केसमध्ये मात्र हो म्हटलं की दहा मिनिटांत निकाल. दंड दोन-चार हजार असेल पण नोंद 'दोषसिद्धी' अशी राहते, सरकारी नोकरीच्या फॉर्मवर तो रकाना भरावा लागतो, आणि अपिलात गेलात तरी फक्त शिक्षेबद्दल भांडता येतं.

त्याला खरंच वाईट वाटत असेल तर त्याचा रस्ता वेगळा आहे आणि तो कायद्यातच आहे. दुखापत साधी असेल, भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५ चं पोटकलम २ लागलं असेल, तर ज्याला लागलं तो मुलगा तडजोड करू शकतो, आणि अशी तडजोड झाली की तिचा परिणाम कोर्टानं निर्दोष सोडल्यासारखाच होतो. हत्यार-बित्यार लावलं असेल तर असं सरळ मिटत नाही, हायकोर्टात जावं लागतं. म्हणून आधी चार्जशीटची कॉपी घेऊन कलमं बघा. मग पुढच्या तारखेच्या आत, वकिलाला सांगून, त्यांच्या घरी जा. दवाखान्याचं बिल किती झालं ते विचारा, 'केस मागे घ्या' हे वाक्य पहिल्या भेटीत तोंडातून काढू नका, नाहीतर दबाव आणला म्हणतील. बोलू दे मुलालाच, तुम्ही शेजारी बसा. आणि त्यांनी चहा टाकला तर नको म्हणू नका.