खोट्या क्लेमचं पत्र हातात पडल्यावर

प्रिय,

तुझ्या गाडीने कुणाच्या तरी गाडीला धडक दिली असं विमा कंपनीचं पत्र आलंय आणि त्यातलं निम्मंसुद्धा तुला पटत नाहीये. सर्वांत आधी, समोरच्या माणसाला फोन करू नकोस. ‘बघू, मिटवून टाकू’ एवढं बोललेलंही पुढे कबुली म्हणून दाखवलं जातं. शिवाय बहुतेक पॉलिसींमध्ये कंपनीला न विचारता चूक मान्य करायला किंवा पैसे द्यायला मनाई असते. पत्र खरंच आपल्या कंपनीचं आहे का, याची खात्री पॉलिसीच्या कागदावरच्या नंबरवर कर, पत्रावरच्या नंबरवर नको. खरं निघालं तर त्याच दिवशी लेखी कळव: हा दावा मला मान्य नाही, सविस्तर निवेदन पाठवत आहे. दावा खोटाच आहे म्हणून गप्प बसलं की कंपनीच्या फाइलमध्ये एकाच बाजूची हकिगत उरते आणि निर्णय तिच्यावरच होतो.

मग समोरच्या माणसाचे फोटो आणि कागद मागवण्याआधी स्वतःची हकिगत लिहून काढ. हा क्रम चुकवू नकोस. त्यांचे फोटो एकदा पाहिले की आपली आठवण नकळत त्या फोटोंकडे सरकते. तारीख, वेळ, कुठली लेन, कितवा गिअर, पाऊस होता की ऊन, समोरच्या गाडीत माणसं किती, उतरलं कोण, बोललं काय, सगळं लिही. आठवत नसेल तिथे ‘आठवत नाही’ असंच लिही. वेगाचा आकडा अंदाजाने टाकू नकोस. ‘सिग्नल सुटल्यावर पहिल्या गिअरमध्ये होते मी’ किंवा ‘होतो मी’ एवढं पुरतं. ‘ताशी १२’ लिहिलंस आणि कुठल्या नोंदीत १९ निघालं, तर बाकीच्या खऱ्या ओळींवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. सोबत रस्त्याचं साधं चित्र, खाली तारीख आणि सही.

घाई करायची ती पुसल्या जाणाऱ्या पुराव्यासाठी. डॅशकॅमचं, म्हणजे गाडीत पुढे लावलेल्या कॅमेऱ्याचं, कार्ड भरलं की तो जुन्या फाइलवर नवी फाइल लिहितो. जोराचा हिसका बसला तर सेन्सर ती फाइल लॉक करतो, पण हलक्या टकरीत तो जागाच होत नाही, आणि वादाचे क्लेम बहुधा अशा हलक्या टकरींचेच असतात. म्हणून कार्ड लगेच काढ आणि पूर्ण कॉपी कर, नुसती तेवढी क्लिप नको. आधीची आणि नंतरची दहा मिनिटंही कामाची असतात. डॅशकॅमचं घड्याळ मागेपुढे असेल तर फरक लिहून ठेव, फाइलला हात लावू नकोस. व्हिडिओ आणि फोटो चॅटवर साधे पाठवलेस तर ते दाबले जातात आणि आत नोंदलेली वेळ व ठिकाण बहुधा निघून जातं. मूळ फाइल जपून ठेव.

आजूबाजूच्या सीसीटीव्हीचंही असंच. पुष्कळ ठिकाणी चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं. मालकाला ‘फुटेज द्या’ म्हटलं तर तो बहुधा नाही म्हणतो, कारण त्यात इतरांचेही चेहरे असतात. ‘अमुक वेळेचं जपून ठेवा, कंपनी किंवा पोलीस मागतील’ अशी लेखी विनंती कर आणि कॅमेरा कुठे आहे, कुणीकडे तोंड करून आहे ते कंपनीला कळव. नव्या गाड्यांमध्ये टकरीची नोंद ठेवणारं यंत्र बहुधा असतं. ते साधारण टकरीआधीच्या ५ सेकंदांतला वेग आणि ब्रेक नोंदवतं, पण एअरबॅग उघडली किंवा क्षणार्धात ताशी ८ किलोमीटरच्या आसपास वेग बदलला तरच. नोंद नाही याचा अर्थ टक्कर झालीच नाही, असा होत नाही. मात्र कुणी जबर धडकेचं सांगत असेल तर नोंद नसल्याचा मुद्दा तज्ज्ञांपुढे मांडता येतो.

आता गाडी. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, पाहून जाईपर्यंत धुऊ नकोस, पॉलिश नको, पोचा काढायला गॅरेजमध्ये नको. नंबर प्लेटसह चारही कोपऱ्यांचे फोटो घे. जिथे काहीच लागलेलं नाही त्या भागांचेही घे, कारण खोट्या क्लेममध्ये खरं बोलतात ते हेच भाग. मग टेप जमिनीला टेकवून प्रत्येक चऱ्याची उंची दिसेल असा फोटो. तुझ्या बंपरवर खूण ५० सेंटिमीटरवर आणि त्यांच्या दारावर पोचा ८० वर असेल तर कुणीतरी त्याचं उत्तर द्यायला हवं. जोरात ब्रेक मारल्यावर गाडीचं नाक खाली जातं, म्हणून काही सेंटिमीटरचा फरक ताणू नकोस. रंग कुणाचा कुणाला लागलाय, ओरखडा कुठल्या दिशेने गेलाय, आत गंज किंवा जुनी धूळ बसलीय का, हेही बघ. ताज्या ओरखड्यात गंज नसतो. हे सगळं कंटाळवाणं आहे, माहीत आहे.

निवेदनात ‘फसवणूक’, ‘टोळी’, ‘लुटारू’ हे शब्द नकोत. ते सिद्ध करणं तुझं काम नाही, आणि चुकलं तर उलट तुझ्यावरच येतं. तपासता येईल असं लिही: ‘गाडीत एकच माणूस होता, क्लेम तिघांचा आहे.’ ‘दावा उजव्या दाराचा आहे, माझी गाडी मागून होती.’ टक्कर खरी पण बिल फुगवलेलं असेल तर टक्कर मान्य करून फक्त न पटणारी कामं दाखव. सगळंच नाकारणं ही इथली नेहमीची चूक. मानदुखीची थट्टा नको, हलक्या धक्क्यानेही मान दुखते, तो निर्णय डॉक्टरांचा. आणि तू तिथे नव्हतीस किंवा नव्हतास, तर बनावट नंबर प्लेटचा संशय घेऊन त्यांच्याकडच्या फोटोतली चाकं, स्टिकर, काचांचा रंग आपल्या गाडीशी ताडून पाहा, पार्किंगची पावती नाहीतर सर्व्हिसचं बिल जोड आणि पोलिसांत तक्रार दे.

एक गोष्ट कडू आहे. तपासाचा खर्च क्लेमपेक्षा जास्त दिसला तर कंपनी पैसे देऊन मोकळी होऊ शकते, आणि बहुतेक पॉलिसी तिला तो अधिकार देतात. म्हणून आधीच लेखी माग: क्लेम तपास विभागाकडे द्या, मला कळवल्याशिवाय मिटवू नका, मिटवलात तर कारण आणि नो क्लेम बोनसवरचा (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीवरचा) परिणाम लिहून द्या. उत्तर मिळालं नाही तर आधी कंपनीचा तक्रार विभाग, मग विमा लोकपाल किंवा विमा नियामक. कोर्टाचा कागद आला तर त्याच दिवशी कंपनीकडे पोचव, मुदत टळली की एकतर्फी निकाल लागू शकतो.

रिन्यूअलच्या फॉर्ममध्ये हा क्लेम ‘वादात, निर्णय बाकी’ म्हणून दाखव, लपवलास तर पुढची पॉलिसीच अडचणीत येते. आणि एकही रुपया न देता फाइल बंद झाली तर तसं पत्र मागून घे. हकिगत लिहून झाली की कंपनीला देण्याआधी मला पाठव, एकदा वाचून देतो.

तुझा,
काका