वाचक विचारतात: नादारीचा (दिवाळखोरीचा) अर्ज करायचाय, तयारी काय करू?

प्रश्न: दापोली तालुक्यात समुद्राकाठी आमचा होमस्टे आहे, चार खोल्या. निसर्ग वादळात (जून २०२०) छप्पर गेलं, नारळ-पोफळी आडव्या झाल्या, तेव्हा पुन्हा उभं करायला बँकेचं कर्ज वाढवलं आणि तिथून जे गणित बिघडलं ते अजून बसलं नाही. आज बँकेचे १९ लाख आहेत (घर आणि बिनशेती जागा तारण), सोनं ठेवून ३ लाख, पतसंस्थेचे ६ लाख, त्याला मेव्हणा आणि एक मित्र जामीन, क्रेडिट कार्ड आणि मोबाईल ॲपचे मिळून अडीच, आणि नातेवाइकांकडून हातउसने साडेतीन. बँकेची ६० दिवसांची नोटीस आलीय. एकजण म्हणाला कोर्टात नादारी घे, सगळं माफ होतं, फक्त त्याआधी जागा बायकोच्या नावावर करून टाक. खरंय का? आणि अर्ज करायचाच तर काय काय जमवून ठेवू?
(नाव छापू नये)

उत्तर: आधी ते बायकोच्या नावावर करायचं डोक्यातून काढा. हा सल्ला प्रत्येक गावात कुणीतरी फुकट देत असतं आणि नंतर निस्तरायला कोणी येत नाही. तुमची जागा बँकेकडे तारण आहे म्हणजे ती तशी हलवता येणारच नाही, पण गावची दुसरी जमीन असेल, भावांना हक्कसोड करून द्यायचा विचार असेल, तेही नको. नादारीच्या अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत केलेलं बक्षीसपत्र वगैरे कोर्ट रद्द करू शकतं, आणि लपवालपवी दिसली तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. दुसरं म्हणजे अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एकाच धनकोला (ज्याचं देणं आहे त्याला) खूश करणं. मेव्हण्याला तोंड दाखवायचंय म्हणून बाकीच्यांना थांबवून त्याचे हातउसने तेवढे देऊन टाकले, तर ते पैसे त्याच्याकडून परत मागवले जाऊ शकतात, म्हणजे चांगलं करायला जाऊन त्यालाच कोर्टात ओढल्यासारखं होईल.

आता कायदा. २०१६ चा दिवाळखोरी कायदा सगळ्यांनी बातम्यांत ऐकलाय, पण त्यातला व्यक्तींसाठीचा भाग फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू केलाय (१ डिसेंबर २०१९ पासून). तुमच्या-माझ्यासारख्यांना अजून इंग्रजांच्या काळचा १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच आहे, आणि अर्ज जिल्हा न्यायालयाच्या अखत्यारीत, म्हणजे तुमच्यासाठी रत्नागिरी. कायदा किती जुना ते बघा, कर्ज ५०० रुपयांचं झालं आणि फेडता येत नाही की अर्ज करता येतो.

पण तुमच्या ३४ लाखांपैकी २२ लाख तारणाचे आहेत, आणि खरी अडचण तिथेच आहे. नादार ठरलात तरी तारण असलेल्या धनकोचा हक्क तसाच राहतो, बँक घरावर येऊ शकते, सोनं लिलावात जाऊ शकतं. पतसंस्थेच्या ६ लाखांतून तुम्ही सुटलात तरी दोन्ही जामीनदार सुटत नाहीत, संस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेऊन थेट त्यांच्या दारात जाईल. म्हणजे नादारीने तुमची सुटका होणार ती मुख्यतः कार्ड, ॲप आणि हातउसन्यांपासून, ते मिळून ६ लाख. त्यासाठी स्वतःला नादार घोषित करून घ्यायचं का हे घरात बसून आधी ठरवा. माझं विचाराल तर आज लगेच नाही.

आधी बँक. त्या ६० दिवसांत लेखी हरकत द्या, बँकेला १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागतं. त्याच पत्रात दोन गोष्टी मागा, एक म्हणजे हप्ते सीझनप्रमाणे बांधून द्या (दिवाळी ते मे जास्त, पावसाळ्यात नाममात्र), आणि जमत नसेल तर एकरकमी तडजोड. जागेचा एखादा तुकडा विकून भागत असेल तर बँकेच्या संमतीने स्वतः गिऱ्हाईक शोधा, लिलावात समुद्राकाठच्या जागेलासुद्धा पडेल तो भाव येतो. तडजोड झाली तर सिबिलवर ‘सेटल्ड’ असा शेरा येतो, ‘क्लोज्ड’ येत नाही, पुढे कर्ज मागायला गेलात की त्याचा त्रास होतो, हे माहीत असू दे.

तयारी मात्र आत्तापासून करा, कारण तडजोडीला बसा नाहीतर कोर्टात जा, कागद तेच लागतात. अर्जात प्रत्येक धनकोचं नाव, पत्ता आणि नक्की रक्कम लिहावी लागते. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, चुलत भावाचे ४० हजार आणि हार्डवेअरवाल्याची पत्र्यांची उधारीसुद्धा, लाजेपोटी एखादं नाव गाळलं तर तेच पुढे नडतं. मग तुमच्या मालकीचं सगळं, कुठे आहे आणि अंदाजे किंमत किती. सातबारा आणि आठ-अ ताजे काढा आणि सातबाऱ्याचा इतर हक्काचा रकाना नीट वाचा, सोसायटीचं कधीकाळी फेडलेलं पीककर्ज बोजा म्हणून तसंच पडलेलं असतं, ते कमी करून घ्या. आपल्याकडे सातबारा सामायिकच असतो, आजोबांचं नाव, चार चुलते, दोन आत्या, त्यातल्या एक वारल्या तरी वारसनोंद नाही. त्यात तुमचा जो हिस्सा तेवढीच तुमची मिळकत, पण ती दाखवायची, ‘नावावर कुठे आहे’ म्हणून सोडायची नाही.

शिवाय बँकेचे उतारे, सोन्याच्या कर्जाची पावती, पतसंस्थेचं खातेपुस्तक, आलेल्या सगळ्या नोटिसा पाकिटासकट, आणि होमस्टेची बुकिंगची वही. ही वही फार महत्त्वाची आहे. हिशेब ठेवलेला नसणं हे कोर्टाच्या नजरेत वाईट, त्याने शेवटची मुक्तता (म्हणजे उरलेल्या देण्यातून कोर्टाने केलेली सुटका) अडू शकते. तसंच बिनतारणी देणं रुपयाला आठ आणेसुद्धा निघत नसेल तर ते कशामुळे, तुमच्या हातात नसलेल्या कारणाने की कसं, हे तुम्हाला दाखवावं लागतं. म्हणून वादळानंतरचा पंचनामा, नुकसानभरपाईची कागदपत्रं, मोडलेल्या छपराचे फोटो, रद्द झालेल्या बुकिंगचे मेसेज, सगळं एका फायलीत लावून ठेवा.

आणि एक गैरसमज. अर्ज टाकला की दुसऱ्या दिवशी फोन बंद होतात असं नाही. नादार ठरवण्याचा हुकूम झाल्यावर बिनतारणी धनकोंना कोर्टाच्या परवानगीशिवाय तुमच्यावर कारवाई करता येत नाही, तोपर्यंत कारवाई चालू शकते. हुकूम झाला की तुमची मिळकत कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या (मिळकत सांभाळायला कोर्टाने नेमलेल्या माणसाच्या) ताब्यात जाते, मधल्या काळात वारशाने काही आलं तर तेही. मुक्ततेचा अर्ज किती मुदतीत करायचा ते हुकुमातच लिहिलेलं असतं, ती तारीख चुकली तर सगळंच रद्द होतं, तेव्हा ती कॅलेंडरवर लाल पेनने लिहा. मुक्तता होईपर्यंत आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपयांची उधारी केली तरी गुन्हा. वाण्याकडची वही इथे आठवा.

वसुलीवाल्यांच्या फोनबद्दल: रिझर्व्ह बँकेच्या नियमाने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. करत असतील तर तारीख-वेळ लिहून बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

प्रश्न: मालवणहून लिहितेय. मिस्टरांच्या ट्रॉलरचं कर्ज आहे, कागदावर मी सहकर्जदार. दोन सीझन मासळी नाही, खलाशांचे पैसे आणि डिझेल यातच सगळं जातं, वर व्यापाऱ्याची उचल. जून-जुलै बंदीत तर एक रुपया नाही. ते म्हणतात मी नादारी घेतो, तुला काही होणार नाही. पण घरात येऊन मंगळसूत्र, भांडीकुंडी नेतील का? त्यांना जेलमध्ये टाकतील का?

उत्तर: ताई, मंगळसूत्र नेत नाहीत. धर्माच्या रिवाजाने बाईने अंगावरून काढू नये असा दागिना, नेसते कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण याला दिवाणी कायद्यानेच जप्तीतून सूट दिलीय, आयुर्विम्याचे पैसे आणि पीएफसुद्धा त्यात येतात. बाकीचे दागिने मात्र त्या सूटीत नाहीत, आणि तुम्ही सहकर्जदार असल्यामुळे ‘हे माझं स्त्रीधन’ म्हणून हात वर करता येणार नाहीत.

जेलचं म्हणाल तर नुसतं पैसे नाहीत म्हणून कुणाला आत टाकता येत नाही, सुप्रीम कोर्टाने १९८० मध्येच हे सांगितलंय. ऐपत असून मुद्दाम देत नाही किंवा पळून जायच्या बेतात आहे असं दिसलं तरच दिवाणी कोठडी, तीही जास्तीत जास्त तीन महिने. पैशाच्या हुकूमनाम्यात बाईला तर अटक होतच नाही. पण दिलेला चेक वटला नसेल तर ती फौजदारी भानगड, नादारीशी तिचा संबंध नाही.

पण ‘तुला काही होणार नाही’ हे चुकीचं आहे. सहकर्जदार म्हणजे ते कर्ज तुमचंही. ते नादार झाले की बँक तुमच्याकडे वळेल, तुम्हाला स्वतःचा वेगळा अर्ज करावा लागेल. ट्रॉलर गहाण असेल तर तो जाणार हे धरूनच चाला, आणि तो विकून किती कर्ज उरतं ते आधी काढा, त्या उरलेल्या आकड्यावर ठरवा. बाईमाणसाला उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी खर्चाने वकील मिळतो, ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० ला फोन करा. दोघं मिळून जा, एकटं यांना पाठवू नका.

प्रश्न: देवगडला आंब्याची बाग आहे. थ्रिप्स किडीने मोहोर खाल्ला त्या वर्षी फवारणीसाठी गावातल्या एकाकडून महिना ५ टक्क्यांनी ४ लाख घेतले, सह्या केलेले कोरे चेक त्याच्याकडे आहेत. आजवर पाच लाखांवर दिलेत, तरी मुद्दल तसंच म्हणतो. चेक टाकीन म्हणतो. त्याच्या आधी नादारी घेऊ का?

उत्तर: अजिबात नको. वर म्हटलं तसं चेकची केस नादारीने थांबत नाही, आणि बागेचं कोर्टात नेऊन ठेवायचं कारण अजून आलेलं नाही. त्या माणसाकडे सावकारीचा परवाना आहे का ते सहकार खात्याच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात विचारा. परवाना असलेल्यालासुद्धा शेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला १२ टक्क्यांच्या वर घेता येत नाही, हा तुमच्याकडून ६० घेतोय. परवाना नसेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी तक्रार द्या. पैसे कसे दिले त्याचा पुरावा जोडा, गूगल पे, बँक उतारा, अगदी ‘आज २० मिळाले’ असा त्याचा मेसेजही. रोख दिलेत तर तेव्हा सोबत कोण होतं ते लिहा. सावकारीपोटी मागच्या १५ वर्षांत जमीन लिहून दिली असेल तर चौकशीअंती तीही परत मिळू शकते.

त्याने चेक टाकलाच आणि नोटीस आली तर गप्प बसू नका, पैसे भरायला १५ दिवस मिळतात, त्या आतच वकिलामार्फत उत्तर गेलं पाहिजे, आणि तक्रारीची पोच त्याला जोडा. म्हणून तक्रार आधी.

प्रश्न: चिपळूणला मी एका मित्राला पतसंस्थेत जामीन आहे. तो नादार झाला तर मी सुटेन ना?

उत्तर: नाही. संस्था पूर्ण रक्कम तुमच्याकडून मागू शकते. फक्त तुम्ही जे भराल ते त्याच्याकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला येतो, तेव्हा त्याच्या अर्जात धनको म्हणून तुमचं नाव घालायला सांगा, भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती स्वतःच्या नावाने घ्या, आणि मिळाले तर मिळाले. त्यापेक्षा तो, तुम्ही आणि संस्था अर्जाच्या आधीच तडजोडीला बसलात तर व्याजात तरी काही सुटेल.

प्रश्न: मूळ गुहागरचा, राहायला लालबागला. कार्डांचे ७ लाख आहेत, काकांचेही दोन. गावात कळायला नको म्हणून अर्ज मुंबईतच करायचाय, चालेल का?

उत्तर: राहता मुंबईत, नोकरी मुंबईत, तर अर्ज मुंबईतच होईल. तिथे कायदाही वेगळा, १९०९ चा, आणि कोर्ट म्हणजे मुंबई उच्च न्यायालय. पण गावचा हिस्सा अर्जात दाखवावा लागेल, हुकूम राजपत्रात छापून येतो, आणि काका धनको म्हणून त्यांचंही नाव-पत्ता द्यावं लागणार. त्यांना कोर्टाच्या कागदावरून कळण्याआधी गणपतीला जाल तेव्हा स्वतः सांगा, आणि त्या दोन लाखांचं काही लिहून घेतलं होतं का तेही विचारून या, अर्जात लागेल.