पोर्ट ८० वरून ३००० वर न्यायचं असेल तर रीडायरेक्ट नको, प्रॉक्सी लावा

तुमची अडचण मला समजली ती अशी: नोडचं ॲप ३००० पोर्टवर चालतंय, समोर ८० वर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आहे आणि त्यात तुम्ही ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे 'पत्ता कायमचा बदलला' असं सांगणारं उत्तर, लावलंत. बाहेरून पान नुसतं फिरत राहिलं. फायरवॉलमध्ये ३००० उघडल्यावर पान आलं, पण आता लॉगिनचा फॉर्म रिकामा पोचतो.

दोन्हीचं मूळ एकच आहे. रीडायरेक्ट लावला की सर्व्हर विनंती पुढे नेत नाही, ब्राउझरला नवा पत्ता सांगतो आणि मोकळा होतो. कर्ल या कमांडने फक्त हेडर, म्हणजे उत्तरासोबत येणाऱ्या माहितीच्या ओळी, मागवून बघा. लोकेशनच्या ओळीत तुमच्या डोमेनला चिकटून ३००० दिसेल. म्हणजे त्या पोर्टवर ब्राउझर स्वतः जाणार, आणि तिथे फायरवॉल आडवी येणार. फॉर्मचंही तेच: ३०१ किंवा ३०२ मिळालं की ब्राउझर पोस्टची (माहिती पाठवणारी विनंती) गेट (नुसतं पान मागणारी) करून पाठवतात, भरलेली माहिती वाटेतच गळते. ३०७ आणि ३०८ मध्ये तसं होत नाही, पण म्हणून ते लावू नका. ३००० जगासाठी उघडं ठेवायची गरजच नाहीये.

तुम्हाला हवाय रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे विनंती स्वतः ॲपकडे नेऊन उत्तर ब्राउझरला परत देणारा सर्व्हर. लोकेशन ब्लॉकमधली रिटर्नची ओळ काढून तिथे प्रॉक्सी पास लिहा, पत्ता १२७.०.०.१ (म्हणजे तेच मशीन), पोर्ट ३०००. त्याखाली प्रॉक्सी सेट हेडरने होस्ट, एक्स-फॉरवर्डेड-फॉर आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हे तीन हेडर पाठवा. तिसरा गाळू नका. पुढे एचटीटीपीएस लावलंत की एनजिनएक्स ते स्वतःपाशी उलगडतो आणि ॲपला साधं एचटीटीपी दिसतं. ॲपमध्ये 'एचटीटीपीएस नसेल तर तिकडे पाठव' असा नियम असेल, तर ते पुन्हा पुन्हा रीडायरेक्ट करत बसतं आणि ब्राउझर कंटाळून थांबतो. नोडचं एक्सप्रेस हे फ्रेमवर्क वापरत असाल तर त्यातली ट्रस्ट प्रॉक्सी ही सेटिंग चालू करा, नाहीतर तो हेडर ॲप बघतच नाही.

आता स्लॅश. यात मी लोकांचे अख्खे दिवस गेलेले पाहिलेत. लोकेशन '/एपीआय/' आहे आणि कोणी '/एपीआय/यादी' मागितलं. प्रॉक्सी पासमध्ये ३००० नंतर स्लॅश असेल तर ॲपला नुसतं '/यादी' मिळतं. स्लॅश नसेल तर '/एपीआय/यादी' जसंच्या तसं जातं. दोन्ही बरोबर आहेत, तुमच्या ॲपचे रूट कसे लिहिलेत ते बघून ठरवा. एका अक्षराच्या फरकाने ४०४ ('पान सापडलं नाही') येतो आणि माणूस ॲपमध्ये चूक शोधत बसतो.

एनजिनएक्सऐवजी अपाचे हा वेब सर्व्हर असेल तर मॉड प्रॉक्सी आणि मॉड प्रॉक्सी एचटीटीपी चालू करून प्रॉक्सीपास आणि प्रॉक्सीपासरिव्हर्स अशी जोडी लिहा. दुसरी ओळ विसरलात तर ॲपने दिलेल्या रीडायरेक्टमध्ये आतला पत्ता तसाच बाहेर जातो.

एनजिनएक्सची कॉन्फिग आधी तपासा, मगच रीलोड करा. ५०२ (एनजिनएक्सला ॲपकडून नीट उत्तर मिळालं नाही) आला तर एसएस कमांडने ३००० वर कोणी ऐकतंय का ते बघा. ऐकत असूनही ५०२ येत असेल आणि एरर लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड' असेल, तर रेड हॅट घराण्यातल्या सिस्टिमवर बहुतेक एसईलिनक्स ही लिनक्सची सुरक्षा यंत्रणा अडवतेय. त्याचं एचटीटीपीडी कॅन नेटवर्क कनेक्ट हे बूलियन (चालू-बंद सेटिंग) चालू करा. कृपा करून अख्खा एसईलिनक्स बंद करू नका.

सगळं चाललं की ॲप फक्त १२७.०.०.१ वर ऐकेल असं करा आणि फायरवॉलमधला ३००० पुन्हा बंद करा.

तपासताना मात्र नवी खाजगी विंडो उघडा. तुमचा जुना ३०१ ब्राउझरने लक्षात ठेवलेला असू शकतो. कॉन्फिग बरोबर असूनही तो तुम्हाला थेट ३००० वरच नेईल, आणि तुम्ही नीट झालेली ओळ पुन्हा बदलायला घ्याल.