केबलचं नेट आणि घरातला राऊटर: तुमचे प्रश्न

या वेळी नागपुरातून जवळजवळ सगळे प्रश्न केबलच्या ब्रॉडबँडला स्वतःचा राऊटर जोडण्याचेच आलेत, आणि वाचताना जाणवलं की बहुतेकांनी जे काही बघितलं ते मोबाईलवर वाय-फायनेच बघितलं, वायर लावून फार कोणी तपासलं नाही. म्हणून आधीच सांगतो, लॅपटॉपला वायर लावून बघा, कंटाळू नका. दोष लाईनचा की घरातला हे वेगळं काढायला यापेक्षा सोपा उपाय मला तरी माहीत नाही.

प्रश्न (मानेवाडा): दादा, केबलवाल्याचं मॉडेम आहे, त्याची वायर आतापर्यंत सरळ लॅपटॉपला होती आणि नेट मस्त चालून राहिलं होतं. आता नवीन राऊटर आणला, वाय-फायचं नाव दिसते, कनेक्ट पण होते, पण खाली लिहून येते 'नो इंटरनेट'. दुकानदार म्हणते राऊटर चांगला आहे, केबलवाला म्हणते लाईन चांगली आहे. मग मी करू काय?

उत्तर: दोघंही खरं बोलत असतील. आधी राऊटरच्या मागे बघा, मॉडेमकडून आलेली वायर वॅन (बाहेरचं नेट आत घ्यायचं) लिहिलेल्या पोर्टातच पाहिजे, बहुतेक राऊटरवर त्याचा रंग वेगळा असतो. लॅनमध्ये, म्हणजे घरातली उपकरणं जोडायच्या पोर्टात, लावली तरी वाय-फायचं नाव दिसतंच, त्यामुळे लोकांना वाटतं सगळं बरोबर आहे.

ते बरोबर असेल तर मला संशय मॅक ॲड्रेसचा आहे. प्रत्येक उपकरणाला स्वतःचा एक नंबर असतो, आणि टीव्हीच्या जाड केबलवर चालणारी मॉडेमं जे पहिलं उपकरण जोडलं त्याचाच नंबर धरून बसतात. तुमच्याकडे ते उपकरण म्हणजे लॅपटॉप, आता राऊटर आला तर मॉडेम त्याला ओळखत नाही. मॉडेमचा प्लग काढा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग आधी मॉडेम चालू करा, त्याचे लाईट स्थिर झाले की मगच राऊटर. पुष्कळ घरी एवढ्यावर काम होतं.

नाही झालं तर नंबर मॉडेमात नाही, केबलवाल्याच्या सिस्टीममध्ये बांधलेला असू शकतो. मग एक तर त्याला फोन करून राऊटरच्या खालच्या स्टिकरवरचा मॅक द्या, किंवा राऊटरच्या सेटिंगमध्ये 'मॅक क्लोन' असतं तिथे लॅपटॉपचा नंबर टाका. इथे एक गोष्ट नीट बघा, लॅपटॉपला दोन मॅक असतात, एक वायरच्या पोर्टाचा आणि एक वाय-फायचा, तुम्हाला वायरच्या पोर्टाचा पाहिजे. आणि मोबाईलवरून सेटिंग करत असाल तर 'क्लोन'चं बटण दाबलं की मोबाईलचाच नंबर कॉपी होतो, त्याचा काही उपयोग नाही, हाताने टाइप करा.

तिसरी शक्यता पीपीपीओईची, म्हणजे युजरनेम-पासवर्ड टाकून नेट सुरू करायच्या पद्धतीची. लॅपटॉपवर नेट सुरू करताना युजरनेम-पासवर्ड टाकून 'कनेक्ट' करावं लागत होतं का? लागत असेल तर राऊटरमध्येही वॅनचा प्रकार पीपीपीओई करून तेच टाकायचं, लागत नसेल तर 'डायनॅमिक आयपी' ठेवायचं (आयपी म्हणजे उपकरणाचा नेटवरचा पत्ता, इथे तो आपोआप मिळतो). काही केबलवाले ठरलेला आयपी देतात, तेव्हा 'स्टॅटिक' करून आयपी, सबनेट, गेटवे आणि डीएनएस हे चारही आकडे त्यांच्याकडून मागून घ्या.

सेटिंगचं पान उघडायला ब्राउजरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ टाकतात, नेमका पत्ता स्टिकरवर असतो. मोबाईलवर करत असाल तर मोबाईल डेटा बंद करा, कारण वाय-फायला नेट नाही असं दिसलं की फोन गुपचूप डेटावर जातो आणि ते पान उघडतच नाही. आणि कृपा करून ते पिनने दाबायचं रिसेटचं बटण मधेच दाबू नका, भरलेलं सगळं पुसलं जातं. युजरनेम-पासवर्ड कागदावर लिहून मीटरच्या बोर्डाजवळ चिकटवा, संध्याकाळी केबलवाल्याचा फोन लागत नाही तेव्हा तोच कागद कामी येतो.

प्रश्न (प्रतापनगर): आमच्याकडे आता केबलवाल्याने फायबर टाकलं, त्याचा डबा स्वतःच वाय-फाय देतो. वरच्या मजल्यावर रेंज येत नाही म्हणून जुना राऊटर वर लावला तर कधी चालते कधी नाही.

उत्तर: दोन्ही डबे एकाच वेळी राऊटरचं काम करतायत, घरातल्या मोबाईलना आयपी दोघंही वाटतायत, आणि दोघांचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर गोंधळ होणारच. जुन्या राऊटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडा, विषय संपला. नसेल तर खालच्याशी जोडायच्या आधी लॅपटॉपला लावून त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी (आयपी वाटायचं काम) बंद करा, आणि मग खालच्या डब्याच्या लॅनमधून आलेली वायर याच्याही लॅनमध्येच लावा, वॅनमध्ये नाही. वाय-फायचं नाव-पासवर्ड दोन्हीकडे सारखं ठेवलं की जिन्यातून वर जाताना मोबाईल आपोआप वरचं पकडतो, थोडा उशीर लागतो पण पकडतो.

वायर न्यायचा कंटाळा म्हणून रिपीटर घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. स्वस्तातले रिपीटर एकाच रेडिओने घेतात आणि त्याच रेडिओने पुढे देतात, त्यामुळे स्पीड साधारण निम्मा होतो. जिन्याच्या कडेने कॅट फाइव्ह-ईची (नेटची तांब्याची) वायर एकदा टाकून घेतली की वर्षानुवर्षं बघावं लागत नाही.

प्रश्न (नंदनवन): प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे, मोबाईलवर ४० येऊन राहिलं. लॅपटॉपला वायर लावली तर ९४. केबलवाला फसवून राहिला का?

उत्तर: वायर लावून बघितलीत, शाब्बास. आणि ९४ हा आकडाच सगळं सांगतो. १०० एमबीपीएसचं पोर्ट असलं की प्रत्यक्षात ९४-९५ च्या वर आकडा जात नाही. म्हणजे राऊटर, लॅपटॉप किंवा डब्याचं पोर्ट जुन्या १०० वालं आहे, नाहीतर मधली वायर. वायरमध्ये आठ तारा असतात, १०० ला चारच पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. एक तार वायरच्या टोकाच्या क्लिपमध्ये नीट बसली नसेल तरी जोडणी गुपचूप १०० वर येते. क्लिप दिव्यासमोर धरून बघा, आठही रंग टोकापर्यंत पोचलेत का.

मोबाईलचं ४० म्हणजे तो बहुतेक वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आहे. ५ गिगाहर्ट्झला जोडा, त्याच खोलीत फरक दिसेल. फक्त ते भिंतीपलीकडे लवकर ढेपाळतं. आणि डाउनलोडच्या खिडकीत दिसतात ते मेगाबाइट असतात, प्लॅनचे एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, म्हणून आठने भागायचं, १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबाराच. यात कोणी फसवत नाहीये.

प्रश्न (महाल): जुनं घर आहे, भिंती जाडजूड. हिवाळ्यात नेट ठीक होतं, एप्रिल लागला की दुपारी बैठकीत वाय-फाय तुटते. रात्री परत चांगलं.

उत्तर: हा प्रश्न मला फार आवडला कारण हा आपल्या गावचा प्रश्न आहे. हिवाळा आणि उन्हाळा यात तुमच्या घरात काय बदललं? कूलर आला. पत्र्याची बॉडी आणि आत टाकीभर पाणी, पत्रा सिग्नल परतवतो आणि पाणी शोषतं. राऊटर आणि बैठक यांच्या मधे कूलर उभा असेल तर जाड भिंतीतून आधीच थकून आलेला सिग्नल तिथे संपतो. कूलर खिडकीतून हलवता येणार नाही हे मला कळतं, मे महिन्यात कोण हलवेल, पण राऊटर हलवता येतो. भिंतीवर डोक्याच्या वर, दाराच्या सरळ रेषेत टांगा.

दुसरं गरमीचं. बऱ्याच घरगुती राऊटरवर चालायचं तापमान ४० डिग्रीपर्यंत लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे बाहेरच ४५ च्या वर जातं. त्यातून तो लाकडी कपाटात, सेट टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला असला तर दुपारी बंद-चालू होणारच. मोकळ्या हवेत ठेवा, वर कापड झाकू नका.

हे करूनही तुटलं तर २.४ चा चॅनल 'ऑटो' न ठेवता १, ६ किंवा ११ करून बघा. महालात घराला घर लागून आहे, वीस-वीस वाय-फाय दिसतात, आणि हे तीनच चॅनल एकमेकांवर चढत नाहीत.

प्रश्न (खामला): शेजारचे पासवर्ड न विचारता वापरून राहिले असं वाटते.

उत्तर: पासवर्ड बदला, सुरक्षा डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ ठेवा, आणि डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने झटपट जोडायची सोय) बंद करा, त्याच्या पिनमधली कमजोरी २०११ पासून जगजाहीर आहे. सेटिंगच्या पानाचा 'ॲडमिन' पासवर्डही बदला, तो वेगळा असतो. पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क द्या.

प्रश्न (सक्करदरा): लाईन गेली की नेट जाते. इन्व्हर्टर नाही. पावसाळ्यात काय करायचं?

उत्तर: राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) सहज मिळेल, पण घ्यायच्या आधी राऊटरच्या ॲडाप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बरेच १२ व्होल्टचे असतात, काही ९ चे. चुकीचा लावला तर राऊटर जळू शकतो. मॉडेम किंवा फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप लागेल, एकट्या राऊटरला देऊन काही होत नाही. आणि वस्तीतल्या खांबावरच्या केबलवाल्याच्या पेटीचीच लाईट गेली असेल तर घरी कितीही बॅकअप असो नेट येणार नाही, ते त्याला विचारून मगच पैसे घाला.

पावसाळ्यात वीज कडाडायला लागली की नुसता प्लग काढून भागत नाही. गच्चीवरून आलेली जाड केबल किंवा लॅनची वायर असेल तर तीही मॉडेममधून काढा, झटका तांब्यातूनही येतो. फायबरमध्ये काच असते, तिथे ही भीती नाही, फक्त प्लग काढा, आणि ती पिवळी बारीक वायर जोरात वाकवू नका. वाकली की डब्यावर 'लॉस'चा (LOS, म्हणजे सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लागतो, तेव्हा मात्र केबलवाल्यालाच बोलवावं लागतं.