ओलेव्ह बेडन-पॉवेल यांना नुसतं नवऱ्यामुळे 'वर्ल्ड चीफ गाईड' केलं का?

मी सांगलीत एका शाळेत गाईड कॅप्टन आहे, पंधरा वर्षं झाली, आणि हा प्रश्न आमच्या स्टाफरूममध्येपण निघतो. नवरा रॉबर्ट बेडन-पॉवेल म्हणजे स्काऊट-गाईड चळवळीचे संस्थापक, त्या आडनावामुळे दार लवकर उघडलं असणार, ते मी नाकारत नाही. पण आधी त्यांना नकारच मिळाला होता हे कुणी सांगत नाही. 1912 मध्ये लग्न झालं तेव्हा त्या 23 च्या आणि नवरा 55 चा (दोघांचा वाढदिवस मात्र एकच, 22 फेब्रुवारी, म्हणून त्या दिवशी आम्ही स्काऊट-गाईडवाले चिंतन दिन करतो), 1914 ला त्यांनी गाईडचं काम करू का विचारलं तर वय लहान म्हणून नको म्हटलं. शाळेत कधी गेल्या नव्हत्या, शिक्षण सगळं घरीच. तरी 1916 ला इंग्लंडमधल्या एका जिल्ह्यापासून सुरुवात केली, दोन लेकरं लहान असताना, आणि 1918 ला ब्रिटनच्या चीफ गाईड, 1930 ला जगाच्या. 1941 ला नवरा गेला. त्यानंतर पंचवीसेक वर्षं त्या देशोदेशी फिरत राहिल्या, आता हे कुणाच्या नावावर चालतं सांगा?

काम काय असतं ते मला 2019 च्या महापुरात कळलं. शाळेत पूरग्रस्त राहायला होते, आठवीतली माझी एक गाईड, तिचं स्वतःचं घर पाण्यात, ती म्हाताऱ्या बायकांची गाठोडी रीफ नॉट मारून बांधून देत होती आणि प्रत्येकीला सांगायची, आज्जी, ओढली तर घट्ट होती, सोडायची असंल तर ही दोन टोकं अशी आत ढकला. मी तिला काही सांगितलंच नव्हतं, वर्गात गाठ शिकवली होती तेवढीच.

पुढच्या सहलीत पोरींना पुण्याला आळंदी रोडवरचं 'संगम' दाखवलं. गाईडांचं जागतिक केंद्र आहे ते, 1966 ला ओलेव्हबाईंनी स्वतः येऊन उद्घाटन केलं. तिथं त्याच पोरीनं विचारलं, बाई, तेव्हा त्यांचं वय किती हो? म्हटलं 77. ती म्हणाली, मग कुणी घरी बसा म्हटलं नाही त्यांना?

म्हटलं होतं की, पंचविशीत.